पत्त्यांतील भविष्य आणि अनिश्चिततेचा बाजार

चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी नागपूरच्या जुन्या पिढीला आठवत असेल. पिंजऱ्याचे दार उघडले की पोपट चोचीने एक पाकीट ओढी. आत देवाचे चित्र आणि भविष्याचा मजकूर असे. तमिळनाडूत या पत्त्यांची संख्या नक्षत्रांइतकी, म्हणजे २७ मानतात. देशी पोपट पाळण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे हे दृश्य आता विरळ झाले आहे. गिऱ्हाईक मात्र उरले आहे, आणि आता ते टॅरोकडे वळू लागले आहे.

टॅरोचे पत्ते ७८. त्यांपैकी २२ पत्त्यांवर मूर्ख, मृत्यू, भाग्यचक्र, सूर्य अशी चित्रे असतात. उरलेले ५६ प्याले, तलवारी, दंड व नाणी या चार रंगांत विभागलेले असतात. वस्तुतः पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळण्यासाठी निर्माण झाले. त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे, हा दावा फ्रान्समध्ये १७८१ साली पुराव्यावाचून पुढे आला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे तर पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली व ती १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. जहाज, शवपेटी, अंगठी अशा चिन्हांचा ३६ पत्त्यांचा लेनोर्मां संचही मूळचा जर्मन करमणुकीचा खेळ. १८४३ साली वारलेल्या प्रसिद्ध फ्रेंच भविष्यवेत्तीचे नाव त्याला पुढे चिकटले.

याउलट सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते. मासा, कासव, परशू ही चिन्हे आपल्या दृष्टीने कितीतरी पूजनीय. तरीही गंजिफा प्रामुख्याने खेळच राहिली. तात्पर्य, भविष्य चिन्हात नसते. ते चिन्हावर लादले जाते.

७८ पत्त्यांतून तीन पत्ते क्रमाने ४,५६,४५६ प्रकारे निघू शकतात. शिवाय प्रत्येकाचा सुलटा व उलटा अर्थ निराळा. ‘मृत्यू’ निघाला तर ‘जुन्याचा अंत, नव्याचा आरंभ’ असे सांगण्याची सोय आहेच. जे विधान खोटे ठरूच शकत नाही, त्यातून माहिती मिळत नाही.

मग माणूस पैसे कशासाठी मोजतो? फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जोखीम मोजता येते, म्हणून तिचा विमा उतरवता येतो; अनिश्चितता मोजताच येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला पदवीधर आणि कापसाच्या भावाची चिंता वाहणारा विदर्भातील शेतकरी याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांची गरज खरी आहे. नोकऱ्यांची, अभ्यासक्रमांची आणि बाजाराची विश्वसनीय माहिती वेळेवर मिळत नाही, तिथेच धीर विकत घ्यावा लागतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी पत्ते पाहावेत, त्यांतील कलेचा आनंदही घ्यावा. मात्र पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : कोणता पत्ता निघाला असता, तर आपण मला याच्या उलट सल्ला दिला असता?