कीस बारीक पाहिजे

पहाटे 4.45
मंगळवारी तुळजापूर झोपतच नाही. देवीचा वार. मध्यरात्रीपासून गाड्या येत असतात, सोलापूरकडून पायी आलेले लोक रस्त्याकडेला बसून पायाला तेल चोळत असतात. बर्फाचा गोळा विकणाऱ्या मामांच्या घरात गॅसवर मोठं पातेलं चढलंय. दहा किलो साखर, पाच लिटर पाणी. ढवळायचं काम मामींचं. पाकाला तार येऊ द्यायची नाही, त्याआधी उतरवायचा. तार आलेला पाक बर्फावर पडला की वरच घट्ट होतो, आत उतरत नाही. मग पोरं वरचं गोड चोखतात आणि खालचा पांढरा बर्फ फेकून देतात. "पांढरा बर्फ फेकला की गिऱ्हाईक गेलं," मामी म्हणतात. शेवटी चिमूटभर लिंबूसत. त्यानं पाकात साखर परत धरत नाही आणि गोडाला थोडी धार येते.

बाजूच्या डब्यात काल रात्री उकडलेल्या तीन किलो कैऱ्यांचा गर. तो मामींनी दोनदा गाळलाय. कैरीत बाटलीतला एसेन्स नाही. बाकी सगळ्यांत आहे.

सकाळी 6.15
पाक गार झाला. आता वाटणी. ऑरेंज, काला खट्टा, रोज, खस, लिंबू-जिरं, पायनापल, कैरी. बाटलीला टोपणभर एसेन्स, सुईच्या टोकावर मावेल एवढा खाण्याचा रंग. झाकणांना खिळा तापवून भोकं पाडलेली. भोक मोठं झालं तर सरबत जास्त जातं, लहान झालं तर गिऱ्हाइकाला मामा कंजूष वाटतात. त्यामुळे झाकणं जुनीच वापरायची, बाटल्या फुटल्या तरी. मलईच्या डिशसाठी अर्धा किलो खवा आणलाय, भूमकडचा. या जिल्ह्यात खव्याला तोटा नाही. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्याचा, तोच खवा इथं बर्फावर पडतो.

सकाळी 7.30
गाडा बाहेर काढला. सायकलची चार चाकं, वर पत्रा, एका कडेला किसायचं यंत्र. हे यंत्र मामांनी सोलापुरात जुनं घेतलं, सात हजारांना. पैसे मामींच्या बचत गटातून उचलले होते, त्याचा हप्ता अजून चालू आहे, आठवड्याला सहाशे. तुळजापूर बालाघाटाच्या अंगावर बसलेलं गाव, रस्ता एक तर चढाचा नाही तर उताराचा. मामा मागून ढकलतात, भाचा पुढून ओढतो. भाचा एकोणीस वर्षांचा, रोज चारशे रुपये. चढाला दोघंही बोलत नाहीत.

महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला त्यांची ठरलेली जागा. कवड्यांच्या माळा आणि परड्यांच्या दुकानापलीकडे, जिथं दर्शन करून परतणारा माणूस सावली शोधतो तिथं. पावती फाडणारा येऊन गेला. तीस रुपये.

सकाळी 9.00
बर्फाचा छोटा हत्ती टेम्पो आला. एक आख्खी लादी आणि एक अर्धी, मिळून पाऊणशे किलोच्या आसपास. 480 रुपये, रोख. मामा आधी रंग बघतात. न खायच्या बर्फाला निळी छटा द्यायची, असा नियम महाराष्ट्रात 2018 साली आला, तेव्हापासून ते गोणपाट उघडून बघितल्याशिवाय पैसे देत नाहीत. मग पाणी ओतून लादी धुतात आणि टोच्यानं फोडतात. टोच्या उभा धरून एकाच रेषेत चार-पाच ठिकाणी हलके ठोके. लादी त्या रेषेवर आपणहून उकलते. भाच्यानं फोडली की चुरा पडतो. चुरा म्हणजे तोटा.

लादीच्या कडा पारदर्शक असतात आणि मधला गाभा पांढरा. कारखान्यात लोखंडी डब्यात पाणी भरून तो डबा थंडगार मिठाच्या पाण्यात सोडतात, त्यामुळे पाणी बाहेरून आत गोठत जातं. पाण्यातली हवा आणि बाकी जे काही असेल ते मध्ये ढकललं जातं आणि तिथं अडकतं. मामा कडा काडीच्या गोळ्यासाठी बाजूला काढतात. गाभा डिशला.

उरलेला बर्फ भुशात आणि गोणपाटात. त्यावर आणखी एक ओलं गोणपाट. 1833 साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला होता. चार महिन्यांचा प्रवास, उष्ण कटिबंधातून, आणि पांघरूण असलंच साधं: फळ्या, सालीचा भुसा, वाळलं गवत. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चार महिने? माझा तर संध्याकाळपर्यंत चवथा हिस्सा गटारीत जातो."

सकाळी 9.45
गिऱ्हाईक उभं आहे, तरी मामा किसत नाहीत. बर्फाचा तुकडा यंत्रावर उघडा ठेवलाय. कारखान्यातून आलेला बर्फ कडक असतो, लगेच किसला तर पिठूळ, कोरडा पडतो आणि दाबला तरी धरत नाही. अंगावर ओल सुटली की पातं त्याच्यावरून सरळ चालतं. जपानात काकिगोरी करणारेही बर्फ किसण्याआधी असाच सैल होऊ देतात. गोळ्याची अर्धी परीक्षा मला इथंच वाटते. जो गाडेवाला ही पंधरा मिनिटं थांबतो, त्याच्याकडे थांबावं.

सकाळी 10.30
अभिषेक करून बाहेर पडलेल्या लोकांचा पहिला लोंढा. पाय अनवाणी, फरशी तापायला लागलेली. कर्नाटकातलं एक कुटुंब थांबतं. "एष्टु?" मामा हात वर न करता सांगतात, "हदिनैदु." पंधरा. तेलुगूही कामापुरतं येतं. भाव, मीठ हवं-नको, आणि "अजून टाकू का" एवढं सगळ्या भाषांत पाठ आहे.

एक मावशी विचारतात, "उपवासाला चालतो का ओ?"
"चालतो की. साखर आन बर्फ. तुमास्नी सैंधव टाकतो."
सैंधवाची डबी वेगळी, चाट मसाल्याची वेगळी. दोन्हींचे चमचे वेगळे. मंगळवारी हा चमचा चुकला तर मामा पूर्ण गोळा फेकून नवीन देतात. सकाळी एकदा असं झालं, भाच्याकडून.

दुपारी 12.15
आता कामाकडे नीट बघता येतं. डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हाताची ओंजळ खाली. वरची खिळ्यांची तबकडी बर्फ धरून फिरवते, खाली पातं. ओंजळीत कीस भरला की काडी मध्ये, दुसरा हात वर, आणि दोन दाब. पहिला जोरात, दुसरा हलका, फिरवून. जास्त दाबला तर दगड होतो, सरबत पीत नाही. कमी दाबला तर तिसऱ्या चोखीला काडीवरून घसरून रस्त्यावर. मामांचा गोळा रस्त्यावर पडलेला आज एकदाच दिसला आणि त्यात गोळ्याचा काही दोष नव्हता, लहान मुलगा धावत होता.

मामांच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडलीत, सुरकुतलीत. दर अर्ध्या तासानं ते हात गाड्याच्या तापलेल्या पत्र्यावर उलटे टेकवतात. उन्हात उभा माणूस हात शेकतोय. हातमोजे घालून बघितले, कीस कळत नाही म्हणाले. चाकाचा खांदा रात्री दुखतो. आठवड्यातून दोनदा मामी ओवा घातलेलं गरम तेल लावून देतात.

दुपारी 2.50
रस्ता ओस. दुकानांवर ओली फडकी सोडलेली. मामांनी डबा उघडला: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, कांदा. मलाही अर्धी भाकरी. खाता खाता त्यांनी विचारलं, तुम्ही एवढे गोळे खात हिंडता, नंबर कसा लावता?

खरं सांगितलं. जिल्ह्यात मी ज्या गाड्यांवर गोळा खाल्ला, त्यांत पहिला नळदुर्गचा, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. त्याच्याकडे यंत्र नाही. सुताराचा रंधा उलटा बसवलेला, त्यावरून बर्फाचा तुकडा फडक्यात धरून पुढे-मागे घासतो. कीस लांब, पातळ पापुद्र्यांचा पडतो आणि जिभेवर ठेवला की जातो, दातांना लागत नाही. चवी चारच. पण सरबत त्या पापुद्र्यांत शेवटपर्यंत भिनलेलं असतं, काडी दिसेपर्यंत रंग तोच. दुसरा नंबर मामांचा. कैरीपुरतं बोलायचं तर मामा पहिले, तिथं कुणी जवळही येत नाही. पण यंत्राचा कीस दाणेदार आहे. तिसरा धाराशिवमधला एक, ज्याची मलई डिश उत्तम आणि काडीचा गोळा साधारण. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचून परतताना खाल्लेला गोळा मी यादीत धरत नाही. तेवढं ऊन आणि तेवढी धूळ खाल्ल्यावर कुठलाही गोळा पहिला येईल. मामाही या वर्षी दोन दिवस तिथं होते. त्या गर्दीत सरबत पातळ करावं लागलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

मामांना राग आला नाही. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "रंध्याचं पातं किती बाहेर काढलंय त्यानं?"
नखाएवढंही नाही, मी म्हणालो.
त्यांनी हात धुतले, यंत्राचे दोन नट सोडले, पातं काढलं. गाड्याखालून पाणदगड. पाणी शिंपडून पातं आडवं, एकाच दिशेला, सावकाश. नट परत आवळताना पातं आधीपेक्षा आत घेतलं. एक ओंजळ किसून माझ्यासमोर धरली, सरबत न घालता. कीस खरंच बारीक पडला होता. पण एका गोळ्याला आता चाकाचे जवळजवळ दुप्पट फेरे लागणार होते. "गर्दीत परवडत न्हाई," मामा म्हणाले. "संध्याकाळी बघू."

दुपारी 4.20
पश्चिमेकडून ढग आले. एप्रिलमधला अवकाळी. वारा सुटला, धूळ उडाली, भाच्यानं बाटल्यांवर ताडपत्री ओढली. दहा टपोरे थेंब पडले आणि थांबले. पाऊस झाला नाही, पण अर्धा तास कुणी गोळा मागितला नाही. बर्फ मात्र गळत राहिला.

संध्याकाळी 5.30
गावातली पोरं. यांना देवीचा वार आणि इतर वार सारखेच. ऑरेंज, ऑरेंज, ऑरेंज. खपात ऑरेंज पहिला, काला खट्टा दुसरा, बाकीचे कितीतरी मागे. माझा क्रम वेगळा. कैरी, कारण तिच्यात झाडाची आंबट चव आहे आणि मीठ तिलाच शोभतं. मग काला खट्टा, मसाला टाकून. मग लिंबू-जिरं, विशेषतः जेवणानंतर. खसचा वास मला आवडतो, पण दुसऱ्या घोटाला तो नाकात बसतो. रोज मलईच्या डिशमध्ये खव्याबरोबर चांगला, काडीवर नको. पायनापल का ठेवतात कळत नाही. मामा म्हणाले, लग्न ठरलेली पोरं-पोरी मागतात.

पोरांची खरी मागणी दुसरीच. अर्धा गोळा चोखला, रंग उतरला, की काडी परत पुढे: "मामा, अजून थोडं." मामा बाटली उपडी करतात. पैसे नाहीत. दोनदा आलं तरी नाहीत. तिसऱ्यांदा आलेल्या पोराला म्हणाले, "आता बर्फ संपला रं तुझा, नुसती काडी हाय." तरी काडीवर दोन थेंब टाकले.

संध्याकाळी 7.45
दिवे लागले. दर्शनाची रांग पुन्हा वाढली, पण गिऱ्हाईक सावकाश आहे. बसून डिश खाणारी माणसं, चाळीस रुपयांची. मामांनी आत घेतलेलं पातं तसंच ठेवलंय. चाक आता भाचा फिरवतो, जास्त फेरे, दात आवळून. एका आजोबांनी डिश अर्धी खाऊन विचारलं, "आज बर्फ येगळा हाय का?" मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पुढच्या डिशला खवा जरा जास्त पडला.

रात्री 9.40
हिशोब काड्यांवरून. शंभराच्या दोन जुड्या संपल्या, तिसरीतल्या दहा गेल्या. चमचे अडतीस. म्हणजे 210 गोळे पंधरानं, 38 डिश चाळीसनं. गल्ल्यात 4,670 असायला हवेत. मोबाइलवर आलेले वेगळे, रोख वेगळी. बेरीज जवळजवळ बरोबर येते, वीस रुपये कमी. बर्फ 480, साखर 440, कैरी 120, खवा दीडशे, एसेन्स-रंग-लिंबूसत दीडशे, काड्या-ग्लास-चमचे एकशे तीस, गॅस साठ, पाण्याचे दोन जार साठ, पावती तीस, भाच्याचे चारशे. 2,020. मामींची मजुरी वहीत कुठंच नाही.

हा मंगळवार. बुधवारी-गुरुवारी याच्या तिसऱ्या हिश्श्यावर भागवायचं असतं, आणि मृग लागला की याच गाड्यावर कोळसा पेटतो आणि मक्याची कणसं भाजली जातात. मामींचा हप्ता मात्र सारखाच.

रात्री 10.15
गाडा उताराला. आता मामा पुढे, धरून ठेवायला, भाचा मागे. बर्फवाल्याला फोन लावला: "उद्या अर्धीच दे. व्हय, अर्धीच." फोन ठेवून माझ्याकडे वळले. नळदुर्गच्या त्या माणसानं रंधा नवा घेतला की सुताराकडचा जुना, एवढं विचारून सांगा म्हणाले.