दुचाकीचा अपघात आणि नडगीचे हाड

दुचाकीच्या अपघातात शिरस्त्राण डोके वाचविते, हे आता बहुतेकांस पटले आहे. पाय मात्र उघडाच राहतो. धडकणारे वाहन आणि स्वतःच्याच गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये नडगी सापडते.

या हाडाची आतली बाजू थेट त्वचेखाली असते. तेथे स्नायूंचे आच्छादन नाही. बोटाने चाचपून पाहिल्यास वाचकांस हे सहज कळेल. त्यामुळे मोडलेले टोक त्वचा भेदते आणि रस्त्यावरील माती आत शिरते. हाच उघडा अस्थिभंग. मोडलेल्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी जखम असली, तरी तो उघडाच समजावा. गस्टिलो व अँडरसन यांनी 1976 साली मांडलेली तीन प्रतींची वर्गवारी आजही प्रचलित आहे. पण जखम लहान दिसली म्हणून निर्धास्त राहू नये.

अशा रुग्णास प्रतिजैविकाची पहिली मात्रा शक्यतो तासाभरात मिळावी. गावातील लहान दवाखान्यातही ती देता येते, धनुर्वाताची लसही. मोठे रुग्णालय गाठेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घटनास्थळी असणाऱ्यांनी जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे, पायास आधार बांधावा, बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. आणि हळद किंवा कॉफीची पूड मुळीच भरू नये. ती पुढे आम्हांलाच शस्त्रक्रियागृहात धुऊन काढावी लागते!

बंद अस्थिभंगाचा धोका निराळा. हाडवैद्याकडे जाण्याची आपली परंपरा जुनी आहे, तिची टवाळी मी करणार नाही. परंतु सुजणाऱ्या पायावर आवळून बांधलेल्या बांबूच्या कांब्या घातक ठरतात. पोटरीचे स्नायू ताठर आवरणांच्या कप्प्यांत असतात. आतील दाब वाढला की त्यांचा रक्तपुरवठा खुंटतो आणि साधारण सहा तासांत कायमची हानी होऊ लागते. औषधाने न शमणारी वेदना, बोटे हलविताच उठणारी कळ, ही पहिली लक्षणे. पायाची नाडी लागते, एवढ्यावर विसंबू नये. ती बरेचदा शेवटपर्यंत लागते. बांधलेले सर्व तत्काळ सोडावे. दाब तरीही न उतरल्यास आवरणे शस्त्रक्रियेने उघडावी लागतात.

हाडाच्या पोकळीत सळई बसविल्यावरही सांधण्यास चार ते सहा महिने लागतात. धूम्रपान करणाऱ्यांस अधिक. "गाडी केव्हा चालवू?" हा प्रश्न मात्र दुसऱ्याच दिवशी येतो. उजवा पाय मोडला असेल, तर मागचा ब्रेक त्याच पायाने दाबायचा असतो, याची आठवण मी तेव्हा करून देतो.