रिकामं ठेवण्यासाठी बांधलेलं धरण

गंडीपेट कशासाठी बांधलं, असं घरातल्या मुलांना विचारून पाहा. ‘पिण्याच्या पाण्यासाठी’ हेच उत्तर येईल. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर आणि त्याचा जोडीदार हिमायतसागर, दोन्हींचा जन्म पुरातून झाला.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने हैदराबादची वाताहत केली. सुमारे 15,000 माणसं गेली असं सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड अजून उभं आहे; गेलात तर जरूर बघा.

निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याचं, नोकरी मुंबई इलाख्यातली. पाणी ठरावीक पातळीवर आलं की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे 1903 मध्ये खडकवासल्याला बसले होते. इथे त्यांना दिसलं ते असं : शहराच्या वरच्या अंगाला शेकडो जुने तलाव होते. अतिवृष्टीत त्यातल्या अनेकांचे बांध फुटले आणि ते पाणीही पुरात मिसळलं. म्हणजे साठवलेलं पाणीच अंगावर आलं!

त्यांचा उपाय मात्र पुन्हा धरणांचाच. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर, शहराच्या वर, दोन मोठे जलाशय. पुराचं पाणी तिथे थोपवायचं आणि नदीला झेपेल तेवढंच खाली सोडायचं. उस्मानसागर 1920 मध्ये पूर्ण झाला, हिमायतसागर 1927 मध्ये.

खरी गोम इथेच आहे. पूर थोपवायचा तर भर पावसाळ्यात धरणात रिकामी जागा लागते. नळाला पाणी हवं तर तेच धरण भरलेलं लागतं. एकाच भिंतीकडून आपण दोन्ही मागतो. पानशेतसारख्या दुर्घटना लक्षात राहतात, ही रोजची ओढाताण राहत नाही.

पुढे मांजरा, कृष्णा, गोदावरीचं पाणी शहरात आलं आणि या दोन तलावांची गरज संपली असं वाटू लागलं. त्यांच्या भोवतालच्या बांधकामांवर 1996 पासून असलेले निर्बंध उठवण्याचा आदेश 2022 मध्ये निघाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर 2020 च्या पावसात, हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले होते.

‘गंडीपेट काठोकाठ’ ही बातमी वाचून आपल्याला बरं वाटतं. चादरघाट, मुसारामबागेत नदीकाठी राहणाऱ्यांना मात्र त्याच बातमीतली पुढची ओळ आधी वाचावी लागते : किती दरवाजे उघडले आणि किती पाणी सोडलं.