लोडर बसतो, तेव्हा दोषी कोण?

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णी भागात शेततळं खणायचं असो की ट्रॉलीतून मुरूम ओतायचा असो, मातीचं काम आता तेलाच्या दाबावर चालतं. याच जिल्ह्यातल्या कडवंचीची शेततळी पाहायला लांबून लोक येतात. तळ्यांची कौतुकं होतात, खणणाऱ्या यंत्राची फारशी होत नाहीत. गावाकडे कुठल्याही बनावटीच्या खोदयंत्राला जेसीबीच म्हणतात. त्या कंपनीच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये भाड्याच्या गॅरेजात बनवलेली पहिली वस्तू मात्र शेतातली उलटणारी ट्रॉलीच होती.

या साऱ्यांचं बळ सिलिंडरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत जॅकमध्ये. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत २०० बार दाबाचं तेल शिरलं की पिस्टनवर सुमारे १६ टनांचा जोर येतो. हा जोर पेलून धरतात ती पिस्टनभोवतीची सील. म्हणून लोडर उचलायला कुरकुरू लागला की ऑपरेटर म्हणतो, "जॅक पास व्हायलाय" (म्हणजे सीलमधून तेल पलीकडे निसटतंय), आणि मालक म्हणतो, "टाका सील किट अन् व्हा मोकळे."

इथेच पैसे वाया जातात. सगळेच जॅक मंदावले असतील तर आधी पंप, फिल्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासायचा. एकच मंदावला तर संशय त्याच्यावर किंवा त्याच्या व्हॉल्व्हवर. उचलून ठेवलेला लोडर इंजिन बंद असताना हळूहळू खाली येतो, हे लक्षण तर भल्याभल्यांना चकवतं. लोडरचं वजन पिस्टनच्या दांड्याला आत ढकलतं. दांडा आत शिरला तर त्याला जागा लागते. नळीतून तेल बाहेर जायच्या दोन्ही वाटा बंद असतील तर तेल दबत नाही आणि जागा होत नाही. म्हणजे पिस्टनचं सील पूर्ण फाटलं तरी लोडर फार खाली येणार नाही. बाहेर थेंबही न सांडता तो जमिनीला टेकला, तर तेल बहुधा कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून निसटतंय. सील फाटल्याचा पुरावा वेगळा असतो: ओझं उचलताना जोर कमी पडतो आणि नळी एरवीपेक्षा जास्त तापते.

खात्री करायची तर दांडा पूर्ण बाहेर काढून, लोडरला खालून भक्कम टेकू देऊन, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब सोडावा. त्याच स्थितीत दांड्याकडचा होज पाइप सोडून त्याचं तोंड बंद करावं, जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा हातात न धरता ठेवावा आणि दूर उभं राहून दांडा बाहेर काढण्याच्या दिशेने दाब द्यावा. तेल वाहतच राहिलं तर जॅक पास. गळती शोधायला मात्र हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं; जखम बारीक दिसली तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठावं. शोधायला पुठ्ठा पुरतो.

जॅक उघडल्यावर खरा मिस्त्री किटच्या पाकिटाला हात लावण्याआधी दांड्यावरून नख फिरवतो. क्रोमवर नख अडलं तर त्या चरेवर नवं सीलही चिरणार. दांडा वाकलाय का ते व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने बघायचं. नळीला आतून चर पडली असेल तर होनिंग करायचं, आणि चर खोल असेल तर नळी बदलायची. मग सीलचा ओठ दाबाच्या बाजूला आहे ना, हे बसवताना पुन्हा बघायचं. उलटं बसलेलं सील नवं असूनही तेल सोडतं. पिस्टनचा नट ठरल्या ताकदीनेच आवळायचा. अंदाजाने आवळलेला नट सैल पडून नळीचीच वाट लावतो.

आपल्या भागात सील मरतं ते बहुतेकदा धुळीने. काळी माती आणि मुरमाची भुकटी दांड्याला चिकटते, झिजलेला वायपर तिला आत घेतो आणि तेलासोबत ती कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. किट नवं आणि तेल-फिल्टर जुनं, हा व्यवहार मालकाच्या तोट्याचाच. तेव्हा मशीनमालकांनो, बिल देण्याआधी जुनं सील मागून घ्या, ते कसं झिजलंय ते मिस्त्रीला विचारा, आणि चाचणी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.