सुट्या साखळ्या, बांधलेल्या साखळ्या

प्लास्टिकच्या बादलीला चीर गेली की आमच्याकडे चमचा लालबुंद तापवून ती सांधली जायची. कुकरची मूठ तडकली तर मात्र हा उपाय चालत नसे. ती कितीही तापवली तरी वितळत नाही, शेवटी काळी पडून जळते. दोन्ही वस्तू पॉलिमरच्याच. मग एक वितळते आणि दुसरी का वितळत नाही?

हजारो मण्यांची माळ

लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन जी लांबलचक साखळी तयार होते, ती म्हणजे पॉलिमर. मराठी परिभाषेत बहुवारिक. अढीतल्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानेच आंबा पिकतो. याच इथिलीनचे हजारो रेणू जोडले की दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन होते. इतक्या लांब साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात, म्हणून वायूपासून चिवट घन पदार्थ मिळतो.

इतका मोठा रेणू असूच शकत नाही, असे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ एके काळी ठामपणे मानत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली साखळीची कल्पना मांडली आणि वर्षानुवर्षे विरोध सोसून ती टिकवली. त्यांना नोबेल मिळाले ते १९५३ साली.

निसर्ग मात्र हे काम कधीपासून करतो आहे. भातातला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजचेच. फरक फक्त मणी कोणत्या बाजूने जोडले आहेत एवढाच. तेवढ्यावरून एक आपल्याला पचतो आणि दुसरा अंगावर घालायच्या कामी येतो. मला या शास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

सुट्या साखळ्या

१९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली ठेवलेल्या इथिलीनपासून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. त्यातल्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात. त्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून पिशवी मऊ राहते. पुढे १९५३ साली कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबात सरळ साखळ्या बनवणारे उत्प्रेरक शोधले. त्या दाटीने बसतात, म्हणून तेलाचा कॅन कडक होतो. दोन्हींत साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. उष्णतेने त्या सरकू लागतात, आणि चमच्याने बादली सांधता येते ती याच गुणामुळे.

बांधलेल्या साखळ्या

कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली ते गंधकासह तापवले. गंधकाने साखळ्यांमध्ये पूल बांधले. ताण दिला की रबर लांबते, पण साखळ्या निसटत नाहीत आणि सोडताच मूळ जागी येतात. टायर यावरच उभा आहे.

१९०७ साली लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बॅकेलाइट बनवले. कुकरची मूठ याचीच. त्यात इतके सांधे असतात की अख्खी मूठ एकच महाकाय रेणू म्हणावी. सरकायला सुटी साखळीच उरत नाही, म्हणून मूठ वितळत नाही.

सैल बांधणी

सांधे थोडेच ठेवले आणि साखळ्यांवर विद्युतभार असला, तर पाणी आत शिरते, साखळ्या फुगून ताणल्या जातात, पण सुटत नाहीत. बाळाच्या डायपरमधले दाणे असेच असतात. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. खारट पाणी बरेच कमी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने याच जातीचे ‘जलशक्ती’ तयार केले होते. असे पदार्थ मातीत मिसळले तर ओल मुळांपाशी जास्त काळ धरून ठेवतात.

वापरून झाल्यावर

भंगारवाल्याला बादल्या, कॅन, बाटल्या हव्या असतात, कारण सुट्या साखळ्या वितळवून पुन्हा साच्यात ओतता येतात. बॅकेलाइटचे किंवा टायरचे तसे नाही. ज्या सांध्यांनी त्यांना टिकाऊ केले, तेच आता आड येतात. पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली यावर एक वाट दाखवली. त्यांच्या व्हिट्रिमर या पदार्थात सांधे असतात, पण तापवल्यावर ते आपसांत जोडीदार बदलतात. एकूण सांधे कमी होत नाहीत, तरी वस्तूला नवा आकार देता येतो.