पाकिटावरचं पाऊल

2007 साली ब्रिटनमध्ये वॉकर्सच्या चिप्सच्या पाकिटावर पावलाचा ठसा आला. शेजारी आकडा, 75 ग्रॅम. हे वजन चिप्सचं नव्हे. बटाट्याच्या शेतापासून रिकामं पाकीट कचऱ्यात जाईपर्यंत हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं होतं. त्याच वर्षी टेस्को या सुपरमार्केट साखळीनं 70,000 वस्तूंवर असे आकडे छापण्याचं जाहीर केलं. पण एकेका वस्तूचा हिशेब मांडण्यात महिने जात, इतर दुकानंही मागे आली नाहीत. 2012 मध्ये टेस्कोनं माघार घेतली.

फ्रान्समध्ये 2021 पासून काही उत्पादनांवर 'इको-स्कोअर' दिसू लागला: हिरव्या 'ए'पासून लाल 'ई'पर्यंत. ग्राहकाला हे पटकन कळतं, आणि म्हणूनच त्यामागचं गणित तपासायला हवं. हिशेब किलोमागे होतो. रासायनिक शेतीत एकरी उत्पन्न जास्त, त्यामुळे किलोमागचा भार कमी दिसतो. कीटकनाशकांमुळे नाहीशा होणाऱ्या किड्या-पाखरांची नोंद मात्र पुरेशी होत नाही. सेंद्रिय शेतीवाल्यांचा हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यातूनच तिथे 'प्लॅनेट-स्कोअर' हे वेगळं लेबल आलं.

आणखी एक अडचण सरासरीची. 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या अभ्यासात 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती होती. एकच पदार्थ पिकवणाऱ्या दोन उत्पादकांच्या प्रदूषणात कित्येक पटींचा फरक आढळला. सरासरीवर बेतलेल्या लेबलात जपून शेती करणाऱ्याची मेहनत दिसतच नाही.