दिवाळी अंकांची मुखपृष्ठे : संग्रह व जतन

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये रूढ केली. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करून मुखपृष्ठचित्राला साहित्याच्या बरोबरीचे स्थान दिले. तथापि ग्रंथालयांत जुन्या अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती पुष्कळदा काढून टाकल्या गेल्या. साहित्याच्या अभ्यासकास ही हानी किरकोळ वाटेल. कलेतिहासाच्या दृष्टीने ती भरून न येणारी आहे. चित्रकाराची सही, अंकाची किंमत, तत्कालीन अभिरुची यांचा पुरावा मग खाजगी संग्राहकांकडे किंवा रद्दीच्या दुकानातच शोधावा लागतो.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) येथील जिल्हा वाचनालयाची परंपरा १८३८ पासूनची आहे. अशा जुन्या ग्रंथालयांनी, तसेच जिल्ह्यातील महाविद्यालयांनी, उरलेले अंक मुखपृष्ठांसह राखणे अगत्याचे ठरते. आम्लामुळे कागद ठिसूळ होतो, लोखंडी टाचण्या गंजतात. म्हणून टाचण्या काढून अंक आम्लमुक्त वेष्टनात आडवे ठेवावेत. संगणकीय प्रती प्रसिद्ध करताना मात्र प्रताधिकाराचे भान हवे. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे तो टिकतो. दलालांच्या चित्रांबाबत ही मुदत २०३१ अखेर संपते.